ॲमस्टरडॅम ते लिस्बन: किती लांब, किती वेळ, आणि तिकिटावरचे दोन तास खरे का नसतात

लिस्बनचं पहिलं तिकीट आलं तेव्हा त्यावर लिहिलं होतं: निघणार ०९:४०, पोचणार ११:४५. परतीचं निघणार १३:३०, पोचणार १७:३०. मी तोंडी वजाबाकी केली. जाताना दोन तास पाच मिनिटं, येताना चार तास. नवऱ्याला म्हटलं, येतानाचं विमान नक्की कुठेतरी थांबत असणार, सांगली-पुणे एसटी कशी मध्ये चहाला थांबते तसं. तो "असेल" म्हणाला. आम्ही दोघंही इंजिनिअर आहोत, हे इथे सांगायला नको होतं.

विमान कुठेही थांबत नाही. दोन्हीकडचा प्रवास साधारण तीन तासांचाच आहे. हे कळल्यावर मी जास्तच हुशारी केली: "दीडला निघणार, तीन तास लागणार, म्हणजे साडेचारला घरी" असा हिशेब करून पाचची ऑफिस मीटिंग स्वीकारली. पाच वाजले तेव्हा मी बेल्जियमवर कुठेतरी ढगांत होते आणि मीटिंगमध्ये माझ्या नावाचा रिकामा चौकोन.

नेदरलँड्समध्ये नुकतेच आलेले, युरोपातल्या युरोपात पहिल्यांदाच विमानाने फिरायला निघालेले आपले बरेच लोक हाच गोंधळ घालतात. म्हणून ॲमस्टरडॅम-लिस्बन ही एकच जोडी घेऊन सगळा हिशेब मांडते. तुमची जोडी वेगळी असली तरी रीत तीच.

१. आधी विमानतळ नक्की कोणता ते बघा

शहराच्या नावावर जाऊ नका, तीन अक्षरी कोड बघा. ॲमस्टरडॅम स्किपोलचा कोड एएमएस, लिस्बनचा एलआयएस. लिस्बनला प्रवाशांसाठी सध्या हा एकच विमानतळ आहे, त्यामुळे तिथे फसायची भीती नाही. १९४२ साली तो उघडला, आता त्याचं नाव उंबेर्तू देल्गादू, आणि शहर त्याच्याभोवती असं वाढलंय की उतरताना घरांच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे दिसतात. शहराच्या मध्यापासून जेमतेम सात किलोमीटर. तागुस नदीच्या पलीकडे आल्कोशेतला नवा विमानतळ बांधायचं २०२४ मध्ये ठरलं आहे, पण त्याची काळजी तुम्हाला आज नको.

बाकी ठिकाणी मात्र डोळे उघडे ठेवा. स्वस्त तिकिटावर "पॅरिस" लिहिलेलं असतं आणि विमान उतरतं ब्यूव्हेला, पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटरवर. "फ्रँकफर्ट-हान" हे फ्रँकफर्टपासून सुमारे १२० किलोमीटर आहे. बार्सिलोनाच्या शोधात येणारं जिरोना नव्वदच्या घरात. ब्रुसेल्सचं शार्लरुआ पन्नासच्या वर. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून बोरिवलीकरांना हे दुःख वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

२. अंतर काढा

अंतर कशाला हवं, वेळ कळली की झालं, असं वाटेल. पण युरोपात अंतराला पैशात किंमत आहे, ती शेवटच्या पायरीत येते. तोवर एवढंच लक्षात ठेवा की १,५०० किलोमीटर ही एक रेघ आहे.

विमानाचं अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोन बिंदूंमधलं सगळ्यात जवळचं अंतर. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या, एक टोक ॲमस्टरडॅमवर, दुसरं लिस्बनवर, आणि ताणून धरा. दोरा बेल्जियम, फ्रान्स, बिस्केचा उपसागर आणि स्पेनचा वायव्य कोपरा असा जातो. रस्त्याने हेच अंतर सव्वादोन हजार किलोमीटरच्या आसपास भरतं, कारण गाडीला उपसागराला वळसा घालावा लागतो.

दोऱ्याशिवाय, कागदावरही जमतं. अक्षांश-रेखांश घ्या:

ॲमस्टरडॅम: ५२.३ उत्तर, ४.८ पूर्व
लिस्बन: ३८.८ उत्तर, ९.१ पश्चिम

अक्षांशांतला फरक १३.५ अंश. एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, तर उत्तर-दक्षिण अंतर झालं सुमारे १,५००. रेखांशांत एक पूर्व, एक पश्चिम, म्हणून इथे बेरीज: १३.९ अंश. पण रेखांशाचा अंश सगळीकडे सारखा रुंद नसतो. नागपुरी संत्रं सोला आणि एक फोड हातात घ्या: मध्ये जाड, टोकांना निमुळती. रेखांशांचं तसंच. विषुववृत्तावर १११ किलोमीटरचा अंश या दोन शहरांच्या मधल्या अक्षांशावर, म्हणजे ४५.५ अंशावर, फक्त ७८ किलोमीटर उरतो. १३.९ गुणिले ७८ म्हणजे जवळपास १,०८५. आता शाळेतला पायथागोरस: १,५०० चा वर्ग अधिक १,०८५ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. उत्तर येतं १,८५० किलोमीटर. ऑनलाइन गणकं १,८४५ ते १,८५० च्या मध्ये दाखवतात. डब्याच्या झाकणावर केलेल्या हिशेबाला एवढं पुष्कळ झालं. (ही युक्ती युरोपातल्या युरोपातच वापरा. मुंबई-ॲमस्टरडॅमला ती दगा देते, कारण तिथे गोलाचा बाक जास्त.)

इथला सापळा मैलांचा. एखाद्या ठिकाणी तुम्हाला ९९७ दिसेल, दुसऱ्या ठिकाणी १,१४८, आणि दोन्हींपुढे "मैल" लिहिलेलं असेल. पहिले सागरी मैल, १.८५२ किलोमीटरचा एक. दुसरे रस्त्यावरचे, १.६०९ चा एक. अंतर तेच. मी मात्र हे दोन आकडे बघून एक वेबसाइट चुकीची आहे असं ठामपणे जाहीर केलं होतं.

३. अंतरावरून वेळेचा अंदाज

किलोमीटरला ८०० ने भागा, त्यात ४० मिनिटं मिळवा. एवढंच.

जेट विमान वर पोचल्यावर ताशी ८०० ते ८५० किलोमीटरने जातं. पण चढताना, उतरताना, धावपट्टीपर्यंत रांगताना ते एवढं वेगवान नसतं आणि हवेतला रस्ताही दोऱ्यासारखा सरळ नसतो. त्या सगळ्याचे मिळून ४० मिनिटं.

लिस्बन: १,८५० भागिले ८०० म्हणजे २ तास १९ मिनिटं, अधिक ४०, म्हणजे तीन तासांना एक मिनिट कमी. तिकिटावरचा खरा वेळ (तो कसा काढायचा ते पुढच्या पायरीत) जाताना ३ तास ५ मिनिटं होता, येताना तीन तास. पॅरिस साधारण ४०० किलोमीटर: ३० अधिक ४०, सत्तर मिनिटं. अथेन्स सुमारे २,१८०: ३ तास २४. वेळापत्रकाशी ताडून बघा, पाच-दहा मिनिटांच्या आत बसतं.

जाताना पाच मिनिटं जास्त का? युरोपवर उंचावर वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, आणि लिस्बन नैऋत्येला. जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर. हिवाळ्यात हा फरक आणखी वाढतो. सायकलवरून ऑफिसला जाणाऱ्यांना नेदरलँड्समध्ये याचा अनुभव रोज आहे, फक्त तिथे वारा दोन्ही वेळेला तोंडावरच असतो.

४. तिकिटावरची वेळ वाचायला शिका

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते. निघायची वेळ निघण्याच्या गावची, पोचायची वेळ पोचण्याच्या गावची. पोर्तुगाल नेदरलँड्सच्या एक तास मागे आहे. मग:

जाताना: ०९:४० ला निघालो, लिस्बनच्या ११:४५ ला पोचलो, तेव्हा ॲमस्टरडॅममध्ये १२:४५ वाजलेत. खरा वेळ ३ तास ५.
येताना: लिस्बनच्या १३:३० ला, म्हणजे ॲमस्टरडॅमच्या १४:३० ला निघालो, १७:३० ला पोचलो. खरा वेळ ३ तास.

वजाबाकी करायच्या आधी दोन्ही वेळा एकाच गावच्या करून घ्यायच्या, बस.

हा एक तासाचा फरक वर्षभर तसाच राहतो. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलतात ती दोन्हीकडे एकाच क्षणी: मार्चमध्ये लिस्बनला रात्रीचा एक आणि ॲमस्टरडॅमला दोन वाजता, ऑक्टोबरमध्ये लिस्बनला दोन आणि ॲमस्टरडॅमला तीन वाजता. मात्र त्या रविवारी पहाटेचं विमान असेल तर आदल्या रात्री फोनचं घड्याळ आपोआप बदलतंय ना ते बघून झोपा. भारत कधीच बदलत नाही, त्यामुळे आईला फोन करायचा हिशेब: ॲमस्टरडॅमहून उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार; लिस्बनहून साडेचार आणि साडेपाच. लिस्बनच्या संध्याकाळी सातला हौसेने व्हिडिओ कॉल लावाल तर सांगलीत साडेअकरा किंवा साडेबारा वाजलेले असतात आणि पहिलं वाक्य "काय झालं गं?" असं येतं.

नकाशा बघून वेळ ओळखायच्या भानगडीत पडू नका. माद्रिद पश्चिमेला एवढं दूर असून त्याचं घड्याळ ॲमस्टरडॅमचंच. पोर्तुगालनेही १९९२ ते १९९६ अशी चार वर्षं मध्य युरोपची वेळ लावून पाहिली होती आणि मग सोडून दिली. आणि ॲमस्टरडॅमची स्वतःची वेळ १९४० पर्यंत लंडनच्या वीस मिनिटं पुढे होती, जशी आपल्या मुंबईची वेगळी वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे चालायची.

फोनमधल्या कॅलेंडरचा सापळा वेगळा. तुम्ही घरी बसून परतीचं विमान "१३:३०" असं हाताने टाकलंत, तर कॅलेंडर ते ॲमस्टरडॅमचे समजतं आणि लिस्बनला पोचल्यावर तुम्हाला "१२:३०" दाखवतं. इथे तासभर आधी पोचाल, नुकसान नाही. पण लिस्बनऐवजी पूर्वेला, अथेन्सला गेलात, तर हाच सापळा उलटा बसतो: १३:३० चं विमान १४:३० ला दिसतं. नोंद करताना टाइम झोन निवडायची जागा असते, ती वापरा.

आता "तीन तास" म्हणजे नक्की काय. हा वेळ हवेतला नाही. विमान जागेवरून हललं तिथपासून ते पोचल्यावर जागेवर उभं राहिलं तिथपर्यंतचा आहे. हवेत आपण साधारण अडीच तास असतो. उरलेला वेळ जमिनीवर रांगण्याचा, आणि त्यात स्किपोलचा हात कोणी धरत नाही. तिथे सहा धावपट्ट्या आहेत, त्यातली पोल्डरबान २००३ मध्ये सुरू झालेली, टर्मिनलपासून इतकी लांब की तिला जवळचा वेगळा कंट्रोल टॉवर बांधावा लागला. तिथून टर्मिनलपर्यंत यायला दहा ते वीस मिनिटं लागतात. विमान एका पुलावरून हायवे ओलांडतं, खाली गाड्या धावत असतात. पहिल्यांदा मला वाटलं की आम्ही रस्त्यानेच घरी निघालो. शेजारच्या आजोबांनी डोळा न उघडता सांगितलं, "पोल्डरबान," आणि पुन्हा झोपले. तेव्हा "चाकं टेकली, दहा मिनिटांत बाहेर येते" असा मेसेज नवऱ्याला पाठवू नका. तो पार्किंगचे पैसे भरत बसतो.

५. घरापासून हॉटेलपर्यंतचा खरा वेळ

आमचा एका शनिवारचा हिशेब, ॲमस्टरडॅमच्या घड्याळाने:

०७:०० ॲमस्टेलवीनमधलं घर सोडलं, ३०० नंबरची बस
०७:३० स्किपोल, बॅग दिली, सुरक्षा तपासणी, कॉफी
०९:४० विमान हललं
१२:४५ लिस्बनला उभं राहिलं. विमानाच्या दाराला लागणारा पूल नव्हता, बसने टर्मिनलला
१३:२० बॅग हातात
१४:१० बायशातल्या (लिस्बनचा मध्यवर्ती भाग) हॉटेलच्या दारात

सात तास दहा मिनिटं. त्यातले हवेत अडीच. शेंगेनमधल्या (आपसातल्या सीमांवर नेहमीची पासपोर्ट तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटातल्या) विमानासाठी दोन तास आधी पोचा असं म्हणतात. फक्त हातातली बॅग असेल आणि सुट्ट्यांचे दिवस नसतील तर मी दीड तास धरते. शाळांच्या सुट्ट्यांत दोन तासांत एक मिनिटही कमी करत नाही.

हाच हिशेब पॅरिससाठी मांडून बघा. विमान सव्वा तासाचं, पण दोन्हीकडच्या विमानतळांचं धरून साडेचार-पाच तास जातात. युरोस्टार रेल्वे ॲमस्टरडॅमहून साडेतीन तासांच्या आत पॅरिसच्या मधोमध सोडते. माझा आडाखा असा: ५०० किलोमीटरच्या आत आधी रेल्वे बघायची, हजाराच्या पुढे विमान, मधल्या पट्ट्यात तिकिटाचा भाव बघायचा.

६. कागदपत्रं

तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे असं धरून:

• मूळ पासपोर्ट. फोटो किंवा झेरॉक्स चालत नाही.
• डच रेसिडेन्स कार्ड. पासपोर्ट आणि कार्ड ही जोडी आहे. एकटं कार्ड घेऊन निघू नका. या जोडीवर बाकीच्या शेंगेन देशांत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं.
• बोर्डिंग पास फोनमध्ये, आणि त्याचा स्क्रीनशॉट. विमानतळावरच्या वायफायवर विसंबू नका.
• आई-बाबा सोबत असतील तर त्यांचा शेंगेन व्हिसा आणि प्रवास विमा.
• पॉवर बँक हातातल्या बॅगेत. चेक-इनच्या बॅगेत ती चालत नाही.

ॲमस्टरडॅम-लिस्बन शेंगेनच्या आतलं विमान, म्हणून नेहमीची पासपोर्ट रांग नसते. त्यावरून "पासपोर्ट कशाला, कोणी विचारत नाही" असा सल्ला देणारा मित्र प्रत्येकाला असतो. त्याचं ऐकू नका. विमान कंपनी गेटवर ओळखपत्र मागू शकते आणि अधूनमधून अचानक सरकारी तपासणीही होते.

आपल्या लोकांची खास अडचण नावाची. पासपोर्टवर बहुतेकांच्या नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळं. तिकीट काढताना फक्त स्वतःचं नाव आणि आडनाव टाकायचा मोह होतो. पासपोर्टवर जसं आहे तसं, तिन्ही नावं टाका. मधलं नाव राहिलंच तर तिकीट काढल्या काढल्या कंपनीला कळवा. काउंटरवर त्याच दुरुस्तीला तिकिटाइतके पैसे लागू शकतात.

आई-बाबांच्या व्हिसावर "एक प्रवेश" असेल तर लिस्बन, रोम, अथेन्स काहीही चालेल, ते सगळं शेंगेनच. पण त्यांना घेऊन लंडन किंवा डब्लिनला जाऊ नका. तिथला व्हिसा वेगळा लागतोच, शिवाय एकदा शेंगेनबाहेर पडलं की त्या व्हिसावर परत येता येत नाही. लंडनमार्गे लिस्बन असं स्वस्त तिकीट दिसलं तरी तिथला ट्रान्झिटचा नियम आधी वाचा, मग पैसे भरा.

आणि लोणचं. लोणचं, तूप, श्रीखंड, चटणीतलं तेल हे सगळं सुरक्षा तपासणीत द्रव पदार्थ. हातातल्या बॅगेत १०० मिलीपेक्षा मोठी बरणी न्यायची नाही. स्किपोलला नवीन स्कॅनर आहेत म्हणून लॅपटॉप-बाटल्या बॅगेतून काढाव्या लागत नाहीत, परतताना दुसऱ्या विमानतळावर काढायला सांगू शकतात. सासूबाईंनी अर्धा किलो कैरीचं लोणचं एका तपासनिसाला "घरी न्या, चांगलं आहे" म्हणून देऊ केलं होतं. त्याने फार विनयाने ते कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

७. प्रवासाच्या दिवशी

सगळे बसले, दारं बंद झाली आणि विमान हलेना. मग पायलट म्हणतो, आपल्याला स्लॉट मिळालाय, चाळीस मिनिटांनी. घाबरू नका. युरोपच्या आकाशातली गर्दी युरोकंट्रोल ही संस्था एकत्र सांभाळते. वाटेतला एखादा पट्टा भरला, वादळ आलं किंवा फ्रान्समध्ये हवाई नियंत्रकांचा संप असला, की तिथून जाणाऱ्या प्रत्येक विमानाला उड्डाणाची ठरावीक वेळ मिळते, आणि त्या वेळेच्या पाच मिनिटं आधी ते दहा मिनिटं नंतर एवढ्याच खिडकीत उडावं लागतं. लिस्बनचा रस्ता फ्रान्सवरून जातो. म्हणून आपण फ्रान्समध्ये पायही ठेवणार नसलो तरी तिथल्या संपाची बातमी वाचायची. लोक दारं बंद करून का बसवून ठेवतात म्हणून चिडतात. खिडकी आधी उघडली तर लगेच निघता यावं म्हणून बसवतात.

लिस्बनला उतरल्यावर मेट्रोची लाल लाइन थेट विमानतळातून निघते, २०१२ पासून. बायशाकडे जायचं तर आलामेडाला उतरून हिरवी लाइन. बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड दारालाच लावता येतं, तिकिटाच्या यंत्रापुढच्या रांगेत उभं राहायची गरज नाही. मेट्रो सकाळी साडेसहाला सुरू होते, म्हणजे परतीचं विमान पहाटेचं असेल तर टॅक्सीचे पैसे तिकिटाच्या भावात मिळवूनच तुलना करा.

परतताना सगळ्यात मोठा सापळा टर्मिनल दोनचा. लिस्बनला उतरणारे सगळे टर्मिनल एकला उतरतात. त्यामुळे दुसरं टर्मिनल आहे हेच कळत नाही. पण काही स्वस्त कंपन्यांची विमानं निघतात टर्मिनल दोनवरून, आणि मेट्रो येते एकला. मधे फुकट शटल बस आहे, पण ती आपल्या सोयीने येत नाही. आम्ही पहिल्या खेपेला टर्मिनल एकच्या फलकासमोर दहा मिनिटं उभे राहून आमचं गेट शोधत होतो. बोर्डिंग पासवर टी२ असं छापलेलं होतं. ते मी आसनाच्या ओळीचा नंबर समजले होते. टर्मिनल दोन असेल तर वीस-पंचवीस मिनिटं जास्त धरा.

८. उशीर झाला तर: इथे अंतर पैसे मिळवून देतं

युरोपियन युनियनचा २६१/२००४ हा नियम. युनियनमधून निघणारं कुठल्याही कंपनीचं विमान असो, पोचायला तीन तास किंवा जास्त उशीर झाला आणि चूक कंपनीच्या बाजूची असली, तर प्रवाशाला रोख भरपाई. रक्कम तिकिटाच्या किमतीवर नाही, अंतरावर:

१,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो
युनियनच्या आत त्याहून जास्त अंतराला ४०० युरो

ॲमस्टरडॅम-माद्रिद साधारण १,४६० किलोमीटर, म्हणून २५०. लिस्बन १,८५०, म्हणून ४००. माणशी. चौघांचं कुटुंब असेल तर सोळाशे, मग तिकीट साठ युरोचं का असेना. आता दुसऱ्या पायरीतला पायथागोरस वाया गेला नाही हे पटेल.

मधे विमान बदलत असाल तर तुकड्यांची बेरीज धरत नाहीत. पहिल्या आणि शेवटच्या विमानतळामधलं थेट अंतर धरतात. ॲमस्टरडॅमहून लिस्बनमार्गे बार्सिलोनाला गेलात, तर तुम्ही अडीच-तीन हजार किलोमीटर उडालात, पण हिशेबात १,२४० च येणार. हे सगळं एका तिकिटावर असेल तरच. दोन वेगळी तिकिटं काढून मधलं विमान चुकलं तर ते तुमचं नशीब.

वादळ, नियंत्रकांचा संप, धावपट्टी बंद अशा कारणांना भरपाई नाही. पण जेवण-पाणी आणि रात्र काढावी लागली तर हॉटेल, हे कारण काहीही असलं तरी मिळतं. लिस्बनसारख्या अंतराला निघायला तीन तास उशीर झाला की जेवण मागायचं, माद्रिदला दोनच तास. कोणी आणून देत नाही, मागावं लागतं. नाही मिळालं तर स्वतः घ्या आणि पावती ठेवा. सँडविचची, हं, वाइनची नाही.

आता महत्त्वाची खुबी. पोचण्याची वेळ म्हणजे चाकं टेकण्याची वेळ नव्हे. विमानाचं निदान एक दार उघडलं आणि प्रवाशांना उतरू दिलं, ती वेळ. युरोपियन न्यायालयाने २०१४ मध्ये तसं सांगितलं आहे. आमचं परतीचं एक विमान तांत्रिक बिघाडामुळे रखडलं. चाकं टेकली तेव्हा उशीर होता २ तास ५१ मिनिटं. मग पोल्डरबान. मग जागा रिकामी नव्हती. दार उघडलं तेव्हा ३ तास ८ मिनिटं. कंपनीने उत्तर पाठवलं की उशीर तीन तासांच्या आतला, म्हणून भरपाई नाही. मी दार उघडतानाचा, खिडकीतून जिना दिसणारा वेळेसकटचा फोटो आणि त्या निकालाचा उल्लेख असं दोन परिच्छेदांचं पत्र पाठवलं. सहा आठवड्यांनी दोघांचे मिळून ८०० युरो आले. त्या दिवसापासून पोल्डरबानबद्दल मी एक शब्द वाईट बोलत नाही.

दावा करताना:

• कंपनीच्या वेबसाइटवरचा फॉर्म स्वतः भरा. मधल्या कंपन्या हे काम करतात, पण रकमेचा मोठा हिस्सा कापून घेतात.
• बोर्डिंग पास, विमानाचा क्रमांक, दार उघडल्याची वेळ आणि उशिराचं कारण काय सांगितलं, ते त्याच दिवशी लिहून ठेवा.
• व्हाउचर देऊ केलं तर नको म्हणा. पैसे बँकेत मागायचा हक्क आहे.
• कंपनी ऐकत नसेल तर नेदरलँड्समध्ये आयएलटी या सरकारी तपासणी खात्याकडे तक्रार नोंदवता येते.
• इथे दाव्याची मुदत दोन वर्षं आहे. मागच्या दिवाळीतलं रखडलेलं विमान आठवलं असेल तर ईमेलमध्ये बोर्डिंग पास शोधा.

हा नियम बदलण्याची, तासांची मर्यादा वाढवण्याची चर्चा युरोपात चालू आहे. म्हणून दाव्याआधी त्या दिवशी लागू असलेले आकडे युरोपियन युनियनच्या साइटवर एकदा बघून घ्या. आणि विमानातून उतरताना, मागचे लोक कितीही ढकलत असले, तरी दाराचा फोटो काढा.